फाइलभर ‘नल’ दिसतंय? आधी हात मागे घ्या

प्रश्न विचारलाय आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी. प्रबंधासाठी त्या यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती रेकॉर्डिंगवरून ऐकून टाइप करतात. घराखालीच माग आहेत, वर खोलीत जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज आणि नोटपॅड प्लस प्लस हा टायपिंगचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर. परवा दुपारी नवी फाइल घेऊन तीन तास टायपिंग केलं, मधूनमधून सेव्हही केलं, आणि लाइट गेली. यूपीएसने पाच सेकंदसुद्धा दम काढला नाही. संध्याकाळी मशीन चालू करून फाइल उघडली, तर मराठीचं एक अक्षर नाही. काळ्या चौकटींत ‘नल, नल, नल’ एवढंच, शेवटपर्यंत. फाइलचा आकार मात्र ६१ केबी. त्यांचं म्हणणं: “सर, आकार तेवढाच दाखवतंय म्हणजे मजकूर आत कुठंतरी असणारच की. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकून बघू का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. टाकू नका. त्या मशीनवर काहीही टाकू नका, डाउनलोड करू नका, ब्राउझरसुद्धा उघडू नका. एडिटर अजून उघडा असेल आणि बंद करताना ‘सेव्ह करायचं का’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. कारण पुढे सांगतो, पण आधी मशीनपासून हात मागे घ्या.

मी नवी पेठेत २२ वर्षं गेलेला मजकूर परत मिळवायचं हेच काम करतोय. क्रॅशने जेवढा मजकूर जातो, त्याच्या कितीतरी पट त्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या घाईने जातो, हे माझ्या टेबलावर रोज दिसतं. मीही त्यातलाच. दुकान नवीन होतं तेव्हा एका छापखान्याचं काम आलं होतं, लग्नपत्रिकांचा मजकूर, सगळा डिलीट झालेला. मी उत्साहाने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल केलं. सॉफ्टवेअर छान चाललं, यादी आली, आणि त्यातल्या निम्म्या फाइलींच्या पोटात त्या सॉफ्टवेअरचेच तुकडे निघाले. डिलीट केलेली फाइल डिस्कवरून लगेच पुसली जात नाही, ती जागा फक्त ‘रिकामी’ म्हणून जाहीर होते. रिकामी म्हटल्यावर येणारा पहिला पाहुणा तिथंच पथारी टाकतो. तो पाहुणा मीच घरात घेतला होता.

आता पहिला प्रश्न. आकार ६१ केबी आहे, मग मजकूर आत आहे का? नाही, ताई. त्या फाइलीत तो नाही.

तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा मजकूर थेट डिस्कवर जात नाही. विंडोज तो आधी मेमरीत ठेवते आणि काही सेकंदांत, आपल्या सवडीने, डिस्कवर उतरवते. डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी जायच्या असतात: फाइलीचं नाव, आकार, तिची जागा ही नोंद, आणि खुद्द मजकूर. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम यातल्या पहिल्या गोष्टीची रोजनिशी ठेवते, मजकुराची ठेवत नाही. लाइट नेमकी मधे गेली तर वीज आल्यावर रोजनिशी वाचून नोंद पुरी केली जाते: ‘हिची जागा ६१ केबी’. मजकूर तिथं पोचलेलाच नसतो. त्या जागेत आधी दुसऱ्या कुणाचं काहीबाही पडलेलं असू शकतं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून वाचताना शून्य दाखवली जातात. त्या शून्यालाच एडिटर ‘नल’ म्हणतो. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तरी मीटर भिंतीवर असतोच. तसलाच हा प्रकार. यात एडिटरचा दोष काढण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर लोकांच्या फाइली क्रॅशनंतर शून्य आकाराच्या होऊ लागल्या आणि मोठा वाद झाला, त्याचं मूळही हेच: नोंद आधी, मजकूर मागाहून.

तरी तो ६१ चा आकडा फुकट जात नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. नुसता ‘क्ष’ ९ बाइटांचा होतो, कारण आत क, हलन्त आणि ष असे तिघं बसलेले असतात. साधारण मराठी शब्द मोकळ्या जागेसकट १६-१७ बाइटांचा धरा. म्हणजे तुमच्या फाइलीत साडेतीन ते चार हजार शब्द होते. शोधायचं किती, आणि पुढे सांगतो तसं शोधायचं की नाही, हे ठरवायला हा अंदाज लागेल.

मजकूर त्या फाइलीत नसला तरी शेजारी असू शकतो. नोटपॅड प्लस प्लस सेव्ह न केलेल्या मजकुराची प्रत दर ७ सेकंदांनी वेगळ्या फोल्डरात काढत असतं, सेटिंगला हात लावला नसेल तर. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत पर्सेंट, ॲपडेटा, पर्सेंट असं सलग लिहा, उघडेल त्यात नोटपॅड प्लस प्लस फोल्डर, त्यात ‘बॅकअप’. तिथल्या फाइलींच्या नावात मूळ नाव, मग ॲट-चं चिन्ह, मग तारीख आणि वेळ असते. या प्रतीत फक्त नवे बदल नसतात, अख्खा मजकूर असतो. शेवटच्या सेव्हनंतर तुम्ही दोन ओळी जरी टाइप केल्या असतील, तरी तीन तासांचं सगळं त्यात सापडू शकतं. हे फोल्डर एडिटर पुन्हा न उघडता आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. एडिटर उघडला की तो जुनं सत्र मांडून बसतो, आणि तुम्ही ते टॅब बंद केलेत की ती प्रत त्याच्या हिशेबी निकामी होते आणि जाते. कॉपी झाली की मशीन बंद.

आणि इथंच एक विचित्र गंमत आहे. तुम्ही शिस्तीने सेव्ह करत होता ना? सेव्ह केलं की ती बॅकअपची प्रत एडिटर स्वतःच डिलीट करतो. मूळ फाइल ताजी झाली, आता हिची काय गरज, असं म्हणून. म्हणजे सेव्ह दाबल्यावर चार सेकंदांत लाइट गेली असेल तर मूळ फाइलीत शून्य आणि बॅकअपचं फोल्डर मोकळं. शिस्तीच्या माणसाचं नुकसान होतं ते असं.

तरीही हात टेकायचं कारण नाही, कारण ती डिलीट झालेली प्रत डिस्कवर पडलेली असू शकते. एक नव्हे, अनेक. तीन तासांत तुम्ही वीस वेळा सेव्ह केलं असेल तर वीस वेळा प्रत बनली आणि डिलीट झाली. अशा डिस्कवर मला एकच परिच्छेद सहा-सहा वेळा सापडलाय, दर वेळी दोन ओळी जास्त.

पण त्याआधी एक पाहायचं: मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क? एसएसडी असेल तर आशा फारच कमी. डिलीट झालेल्या जागा विंडोज एसएसडीला लगेच कळवते आणि एसएसडी त्या स्वतःहून साफ करते; याला ट्रिम म्हणतात आणि विंडोज ७ पासून ते आपोआप चालू असतं. तुमचं मशीन जुनं आहे असं लिहिलंय, म्हणजे बहुतेक फिरणारी डिस्क असावी. जुन्या मशीनचा असा फायदा क्वचितच होतो.

फिरणारी डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावायची आणि आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची. ५०० जीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. पुढचं सगळं नकलेवर. त्यानंतर लोक फोटोरेकसारखं, डिलीट झालेल्या फाइली शोधणारं साधन चालवतात. फोटो, पीडीएफ यांच्यासाठी ते उत्तम, कारण त्या फाइलींच्या तोंडाशी ओळखीची खूण असते. साध्या टेक्स्ट फाइलीला अशी खूण नसते. मग खूण आपणच द्यायची.

इथं मराठी माणसाने इंग्रजी व्हिडिओ बघून केलेला उपाय फसतो. लिनक्सवर ‘स्ट्रिंग्ज’ नावाची आज्ञा आहे, कुठल्याही ढिगाऱ्यातून वाचता येणारा मजकूर वेगळा काढणारी. सगळे तीच सांगतात. पण ती नेहमीच्या पद्धतीने चालवली तर फक्त रोमन अक्षरं शोधते. देवनागरी तिच्या लेखी कचरा. दोन तास चालवून हाती काही लागत नाही आणि माणूस म्हणतो, ‘गेलं’. तिला ८ बिटांची अक्षरंही धर असं वेगळं सांगावं लागतं. मी सरळ ‘ग्रेप’ ही शब्द शोधणारी आज्ञा वापरतो: नकलेला टेक्स्ट समज, आणि अमुक शब्द कितव्या बाइटवर आहे ते सांग. यूटीएफ-८ मधलं प्रत्येक देवनागरी चिन्ह ई०-ए४ नाहीतर ई०-ए५ या बाइटांनी सुरू होतं, त्यामुळे मराठीचा पट्टा नंतर डोळ्यांनाही ओळखता येतो.

शोधायचा शब्द निवडण्यात अर्धं यश आहे. ‘कामगार’ नको, तो विंडोजच्या शब्दकोशातही सापडेल. ‘दुसऱ्या’ नको, ‘तऱ्हा’ नको. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, बाइट वेगळे. तुम्ही त्या दिवशी कोणता कीबोर्ड वापरला हे तुम्हालाच आठवणार नाही. ‘ॲ’चंही तेच. त्यामुळे साधा, सरळ आणि फक्त तुमच्याच मजकुरात असेल असा शब्द हवा. तुमच्या मुलाखतींत मागावर आडवा धागा नेणारा ‘धोटा’ आला असणार, त्यात बसणारी सुताची ‘कांडी’ आली असणार. दोन-तीन शब्दांचा तुकडा असेल तर सोन्याहून पिवळं: “धोटा उडाला आणि” असं काही. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, ऐकून नेमके शब्द काढून ठेवा. ही यादी मला मशीनइतकीच लागेल.

सापडला की त्या जागेच्या मागचा-पुढचा पट्टा कापून घ्यायचा. डिस्कवर फाइल ४ केबीच्या कप्प्यांत ठेवली जाते, तुमची ६१ केबी म्हणजे १६ कप्पे. ते सलग असतील तर पाच मिनिटांचं काम. विखुरले असतील तर जुळवाजुळव करावी लागते, आणि कप्प्याच्या टोकाला एखादं अक्षर मधोमध चिरलेलं निघतं, कारण ३ बाइटांतला एक इकडे आणि दोन तिकडे. ते हाताने नीट करायचं.

एक जुनी फजिती. एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक अडकला होता, संपादक पायरीवर बसून. मी दोन दिवस देवनागरीचे बाइट शोधत होतो, एक सापडेना. त्यांचा ऑपरेटर आला आणि म्हणाला, “काय शोधायलाव साहेब, आमचं युनिकोडात नाहीच की.” जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड असतो. मी दोन दिवस ज्या पानांवरून कचरा म्हणून पुढे जात होतो, तोच अंक होता. तेव्हापासून पहिला प्रश्न विचारतो: टाइप कशात केलंय?

तुमच्यासारखीच अडचण पण वेगळी परिस्थिती असलेल्यांसाठी थोडं. एडिटर कोसळला पण वीज होती, तर बरंच सोपं. सेव्ह झालेलं सुरक्षित असतं, विंडोज ते डिस्कवर नेऊन ठेवते. आणि एडिटर गोठलाय, पण मेला नाही, ही तर सगळ्यांत चांगली स्थिती, जिला लोक सगळ्यांत वाईट वागवतात. खिडकी पांढरी झाली की ‘एंड टास्क’. अहो, मजकूर मेमरीत जिवंत आहे! दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरच्या फोल्डराची वाट बघत एडिटर अडलेला असतो, बऱ्याचदा आपोआप सुटतो. नाहीच सुटला तर टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रॅमवर उजवी क्लिक करून मेमरीची डंप फाइल, म्हणजे मेमरीत आहे त्याची नक्कल, बनवा आणि मगच त्याला मारा. त्या डंपमध्ये शोधताना लक्षात ठेवा, विंडोजचे बरेचसे प्रोग्रॅम मेमरीत यूटीएफ-१६ वापरतात. तिथं देवनागरी चिन्ह २ बाइटांचं असतं आणि त्यातला एक कायम ०९.

बाकी एडिटरांचं झटपट सांगतो. व्हिम दर २०० अक्षरांनी, किंवा तुम्ही ४ सेकंद थांबलात की, शेजारी लपलेल्या स्वॅप फाइलीत नोंद टाकतो. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाचं कार्ड असतं तसं: वीज जाऊन माग थांबला तरी कार्ड जिथं होतं तिथंच, वीज आल्यावर पुढचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तिथून. पुन्हा उघडताना लांबलचक इशारा येतो; घाबरून ‘डी’ दाबू नका, तो डिलीटचा. ‘आर’ दाबा, मिळालेलं वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलीशी ताडून बघा, मगच स्वॅप काढा. ईमॅक्स ३०० कळांनी किंवा ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर प्रत काढतो, नावाच्या दोन्ही बाजूंना हॅश असलेली. नॅनो टर्मिनल अचानक तुटल्यास ‘सेव्ह’ शेपटीची फाइल मागे ठेवतो, पण वीज गेली तर त्यालाही वेळ मिळत नाही. व्हीएस कोडमध्ये ‘टाइमलाइन’ बघा, २०२२ पासून प्रत्येक सेव्हची जुनी प्रत तो स्वतः ठेवतो. वर्ड दर १० मिनिटांनी प्रत काढतो आणि कधीच सेव्ह न केलेल्या फाइली ‘मॅनेज डॉक्युमेंट’खाली ४ दिवस ठेवतो, पाचव्या दिवशी माझ्याकडे येणारे बरेच असतात. जुन्या साध्या नोटपॅडमध्ये मात्र यातलं काहीच नाही.

आणखी एक, कारण महिन्यात दोघेतिघे तरी हे घेऊन येतात. फाइल उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाची चिन्हं अशी रांग दिसत असेल, तर काहीही गेलेलं नाही. बाइट शाबूत आहेत, एडिटर ते चुकीच्या पद्धतीने वाचतोय. एन्कोडिंगच्या मेनूत नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. त्याखालचं ‘कन्व्हर्ट’ असलेलं निवडू नका, ते चुकीचं वाचलेलं तसंच पक्कं करतं. पण सगळीकडे प्रश्नचिन्हंच दिसत असतील, तर कुणीतरी ‘अँसी’ या मराठी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिलीत. त्या फाइलीतून मराठी परत येत नाही.

आता पैशाचं आणि वेळेचं बोलू. चार हजार शब्दांसाठी तुम्ही किती धडपडावं? रेकॉर्डिंग हाताशी आहे. एकदा टाइप केलेलं दुसऱ्यांदा लवकर होतं. कुठं थांबायचं, कामगारांच्या बोलण्यातला कुठला तेलुगू शब्द कसा लिहायचा, हे ठरून गेलेलं असतं. दोन तासांत उरकेल. बॅकअपच्या फोल्डरात मिळालं तर उत्तम. मार्गदर्शकांना व्हॉट्सॲपवर काही भाग पाठवला होता का, तेही फोनवर बघा. नाही मिळालं तर डिस्कवरच्या शोधाला मी अर्ध्या दिवसाच्या पुढे जाणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. रेकॉर्डिंग नसतं आणि बोलणारे आजोबा हयात नसते, तर आठवडा घातला असता.

पुढच्यासाठी दोन कामं. नोटपॅड प्लस प्लसच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप ऑन सेव्ह’ मुळात बंद असतं. ते ‘व्हर्बोज’वर ठेवा, म्हणजे प्रत्येक सेव्हला आधीची प्रत तारीखवार वेगळी राहील. लाइट गेली तरी शेवटची खराब होईल, आधीच्या राहतील. दुसरं यूपीएस. पाच सेकंद न टिकणं म्हणजे बॅटरी संपली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत मरते, डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लागत राहतो. खाली माग चालतात म्हणजे सीपीयूच्या पंख्यात कापसाचे तंतू गच्च बसलेले असणार, मशीन गरम होऊन अडखळायचं तेही एक कारण. तेही साफ करून देतो.

पेन ड्राइव्हवर फोल्डर कॉपी करून झालं की नुसता सीपीयूचा डबा घेऊन या. मॉनिटर, कीबोर्ड माझ्याकडे आहेत. आणि शब्दांची ती यादी कागदावर आणा, त्या मशीनवर टाइप करून नको.